आम्लाचा घाव आणि समाजाची दृष्टी



शाळेच्या प्रयोगशाळेतील कुलूपबंद कपाटाकडे तुमचे लक्ष केव्हा ना केव्हा गेलेच असेल. त्यात जाड काचेच्या, घट्ट बुचाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. आपल्या आजोबांच्या पुस्तकांत ज्यांस गंधकाम्ल, नत्राम्ल आणि मिठाम्ल म्हणत, तीच ही आम्ले होत. आज आपण त्यांस सल्फ्युरिक, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणून ओळखतो. बाजारात लोक सर्वांस सरसकट ‘ॲसिड’ किंवा ‘तेजाब’ म्हणतात. कपाटाशेजारी एक नोंदवही असते. कोणत्या दिवशी, कोणत्या वर्गासाठी किती आम्ल बाहेर काढले आणि किती परत ठेविले, हे तीत लिहावे लागते.

यंदा नववीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, चुन्याची नोंद नाही, मिठाची नाही, मग आम्लाचीच एवढी मोजदाद कशासाठी?” मी कारण सांगू लागलो तसा वर्ग शांत होत गेला. माझे सांगणे संपते न संपते तोच मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, “पण सर, त्या मुलीनेही काही तरी केलेच असेल ना?” इतक्यात घंटा झाली आणि मुले पांगली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले होते; दुसऱ्याचे द्यावयाचे राहिले. तो प्रश्न विचारणारा मुलगा वाईट नाही. घरी, दारी, बसमध्ये, ओट्यावर जे त्याच्या कानी पडले तेच तो बोलला. म्हणून ह्या लेखात दोन्ही प्रश्नांचा विचार करावयाचे योजिले आहे, आणि तो विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या पालकांसाठीही आहे.

प्रथम आम्लाचा धर्म पाहू. आम्ल हा पदार्थ स्वतः दुष्ट नव्हे. आपल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत धातूला मुलामा देण्यापूर्वी तो आम्लाने स्वच्छ करितात; सराफ सोन्याचा कस पाहण्यासाठी व ते शुद्ध करण्यासाठी आम्ल वापरितात; मोटारीच्या बॅटरीत तेच असते आणि न्हाणीघराच्या फरशा धुण्यासाठी घरोघर आणितात ते द्रवही बहुधा आम्लच असते. परंतु तीव्र सल्फ्युरिक आम्लास पाण्याची विलक्षण ओढ असते. साखरेवर ते ओतले असता साखरेतील पाण्याचा अंश हिरावला जाऊन काळ्या कोळशाचा फुगीर गोळा वर येतो, हा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. हीच ओढ मनुष्याच्या त्वचेवर पडली म्हणजे काय होईल, ह्याची कल्पना करा. पेशींतील पाणी शोषले जाते, त्यातून उष्णता निर्माण होते, आणि तापलेले दूध नासावे तशी शरीरातील प्रथिने गोठतात. त्वचेखालील मांस, पापण्या, नाक-कानांच्या कुर्चा, कित्येकदा हाडही त्यातून सुटत नाही. जखम भरून आली तरी व्रण आकसत जातात. मान छातीकडे ओढली जाते, डोळा मिटत नाही, तोंड पुरते उघडत नाही. एका क्षणाच्या ह्या कृत्यासाठी एकामागून एक शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे कराव्या लागतात.

म्हणून एक गोष्ट प्रत्येकाने पाठ करून ठेवावी. कोणाच्या अंगावर आम्ल पडले, मग ते प्रयोगशाळेत असो वा रस्त्यावर, तर पहिला उपाय म्हणजे पाणी, आणि तेही भरपूर, वाहते व स्वच्छ पाणी. आपले हात आम्लापासून सांभाळून, पाणी ओतता ओतताच भिजलेले कपडे व अंगावरचे दागिने काढावेत. वाटीभर पाणी शिंपडून उपयोग नाही. निदान वीस-तीस मिनिटे धार चालू ठेवावी. डोळ्यात आम्ल गेले असेल तर पापणी उघडी धरून नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूस पाणी सोडावे, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात ओघळ जाणार नाही. जखम चोळू नये. तूप, हळद, दंतमंजन, खाण्याचा सोडा ह्यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर स्वच्छ, सैल कापड टाकून रुग्णास इस्पितळात न्यावे. ११२ ह्या क्रमांकावर मदत मागावी. बघ्यांची गर्दी जमते त्याच मिनिटांत एखाद्याने बादली आणिली तर एखादा डोळा वाचू शकतो.

आता त्या मुलीची हकीकत सांगतो, जी मी वर्गात सांगितली होती.

प्रीती राठी ही दिल्लीच्या नरेला भागात राहणारी तेविशी-चोविशीची तरुणी. परिचर्येचे शिक्षण पूर्ण करून तिने नौदलाच्या वैद्यकीय सेवेत जागा मिळविली होती. मुंबईतील कुलाब्याच्या ‘अश्विनी’ ह्या नौदलाच्या रुग्णालयात तीस रुजू व्हावयाचे होते. दि. २ मे २०१३ रोजी वडील व नातलगांसह ती दिल्लीहून आलेल्या गाडीतून बांद्रा टर्मिनसवर उतरली. फलाटावर गर्दी होती. मागून आलेल्या एका तरुणाने तिच्या तोंडावर आम्ल फेकिले आणि तो गर्दीत नाहीसा झाला. आम्ल घशातून आत उतरले होते. जवळजवळ एक महिना तिने मृत्यूशी झुंज दिली. बोलता येत नव्हते, म्हणून ती कागदावर लिहून आपले म्हणणे सांगत असे. दि. १ जून २०१३ रोजी तिचा अंत झाला.

आरंभी संशयावरून भलत्याच एका तरुणास अटक झाली होती. पुढे त्याची सुटका झाली. २०१४ च्या जानेवारीत खरा आरोपी सापडला. तो तिच्याच शेजारचा होता. विवाहाची त्याची मागणी तिने नाकारिली होती आणि तिची प्रगती त्यास पाहवली नाही, असे अभियोगपक्षाने न्यायालयात मांडिले. २०१६ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यास देहान्ताची शिक्षा दिली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बदलून जन्मठेपेची केली.

प्रीतीच्या मृत्यूनंतर सात आठवड्यांच्या आत, दि. १८ जुलै २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा आदेश दिला. ज्या याचिकेवर तो दिला ती मात्र त्याआधी सात वर्षे प्रलंबित होती. ती दाखल करणारी लक्ष्मी अगरवाल २००५ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, दिल्लीत अशाच हल्ल्यात सापडली होती. तिनेही विवाहास नकार दिला होता. तोंड लपवून बसण्याऐवजी ती न्यायालयात गेली, आणि तिच्या चिकाटीचे फळ साऱ्या देशास मिळाले. ह्या आदेशान्वये आम्लाची विक्री करणाऱ्याने खरेदीदाराचे नाव, पत्ता, ओळखपत्र व खरेदीचे कारण नोंदविले पाहिजे. अठरा वर्षांखालील कोणासही आम्ल विकता येत नाही. नियम मोडणाऱ्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवावी, एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ते असावे, आणि तेथून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी व्हावी, असेही त्यात सांगितले आहे. आपल्या नोंदवहीचे मूळ हे असे आहे. तिच्या प्रत्येक रकान्यामागे एका मुलीचा चेहरा आहे, हे विसरू नका.

त्याच वर्षी दंडविधानातही बदल झाला. आम्लहल्ला हा स्वतंत्र गुन्हा ठरून त्यास किमान दहा वर्षे कैद व जास्तीत जास्त जन्मठेप, आणि नुसत्या प्रयत्नासही पाच ते सात वर्षे कैद, अशी तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ मध्ये ती कायम आहे. अशा रुग्णावर विनामूल्य उपचार करणे सरकारी व खासगी, दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांस बंधनकारक आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ ह्या नावाची योजना आहे. तीतून आर्थिक साहाय्य मिळते आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे लागते. ही माहिती घरोघर असणे अगत्याचे आहे. संकटात सापडलेल्या कुटुंबास कायदा शोधीत बसण्याइतका अवसर नसतो.

कायद्याने काय साधते, असे कोणी विचारील, तर त्याने बांगलादेशाकडे पाहावे. २००२ साली तेथे वर्षाकाठी सुमारे पाचशे आम्लहल्ले नोंदले गेले. त्याच वर्षी तेथील सरकारने आम्लविक्रीवर नियंत्रण घालणारा एक आणि गुन्ह्यास कडक शासन करणारा दुसरा, असे दोन कायदे केले; पीडितांसाठी झटणाऱ्या संस्थांनी गावोगाव जागृती केली; आणि पुढील दशकात ही संख्या शंभराच्या खाली आली. आपल्या देशात मात्र कायदा असूनही दरवर्षी शंभराहून अधिक हल्ल्यांची नोंद होत राहिली आहे. कायदा कागदावर आहे. तो दुकानाच्या गल्ल्यापर्यंत आणि आपल्या मनापर्यंत पोहोचावयाचा आहे.

येथवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता दुसरा प्रश्न: “त्या मुलीनेही काही तरी केलेच असेल ना?”

होय, केले होते. तिने अभ्यास केला होता. परीक्षा दिली होती. नोकरी मिळविली होती. आणि जेथे ‘नाही’ म्हणावयाचे तेथे ‘नाही’ म्हटले होते. ह्याखेरीज तिचा कोणता अपराध होता, हे मला कोणी सांगावे. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींना शिकवावयास निघत तेव्हा त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकीत. त्या काळच्या सभ्य म्हणविणाऱ्या लोकांनीही हेच विचारिले असेल की, ‘ही बाई घरात का राहत नाही?’ १९९० च्या मार्चमध्ये उल्हासनगर येथे दहावीच्या परीक्षेस बसलेल्या रिंकू पाटील ह्या मुलीस परीक्षेच्या खोलीतच पेटवून देण्यात आले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. तरीही ‘तिचे काय होते’ असे कुजबुजणारी तोंडे त्या वेळीही होती. फेकण्याची वस्तू बदलली. शेणाचे तेल झाले, तेलाचे आम्ल झाले. प्रश्न मात्र दर वेळी जिच्या अंगावर ते पडले तिलाच विचारला गेला.

आणखी एक विपरीत गोष्ट पाहा. आरोपीस पोलीस नेत असतात तेव्हा त्याचे तोंड कापडाने झाकलेले असते; खटला संपला की ते कापड निघते. जिचा काही अपराध नाही तीस मात्र आपण जन्मभर ओढणीखाली राहावयास लावतो. घर भाड्याने मागावयास गेली तर जागा ‘नुकतीच दिली’ असते. नोकरी मागावयास गेली तर ‘गिऱ्हाइकांसमोर बसावे लागते’ असे सांगतात. नात्यातील बायका तिच्या आईस, तिच्यादेखत, ‘आता हिचे कसे व्हायचे’ म्हणून विचारितात. पुष्कळ प्रसंगी आम्ल फेकणारा परका नसतो, पती किंवा नातलगच असतो; मग तर ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणून तक्रारही दडपली जाते. आम्लाचा घाव एका माणसाने, एका क्षणात केलेला असतो. हा दुसरा घाव आपण सर्व मिळून रोज करितो, आणि आपले हात स्वच्छ आहेत असे मानतो.

हे मी दुसऱ्यांस सांगतो आहे, परंतु माझेही हात स्वच्छ नाहीत. गेल्या वर्षी इंदिरानगरहून मध्यवर्ती बसस्थानकाकडे जाणाऱ्या शहर बसमध्ये मी चढलो. गर्दी होती, तरी एक आसन अर्धे रिकामे होते. खिडकीपाशी एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू जळून आकसलेली होती. आम्लाने, स्टोव्हच्या भडक्याने की आणखी कशाने, हे मला ठाऊक नाही. आम्ही चार-पाच माणसे त्या जागेपाशी उभी होतो. कोणी बसत नव्हते. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बसा की, जागा आहे.” मी म्हटले, “नको, पुढच्याच थांब्यावर उतरायचे आहे.” ते खरे नव्हते. मला शेवटपर्यंत जावयाचे होते. बोललो ते निभावण्यासाठी मी मुंबई नाक्यावर उतरलो आणि उरलेली वाट उन्हात पायी चाललो. त्या बाईंनी मला ओळखले असेल. निदान माझी जात ओळखली असेल, मान वळविणाऱ्यांची. वीस वर्षे मी मुलांस दयेचे धडे शिकविले, आणि एका बाकावर अर्धा तास बसण्याची वेळ आली तेव्हा मला ते जमले नाही.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट समजून आहे. अशा स्त्रियांस आपल्या अश्रूंची गरज नसते. त्यांस हवी असते ती साधी वागणूक: शेजारी बसणे, डोळ्यांस डोळा देऊन बोलणे, कामासाठी काम देणे. २०१४ च्या डिसेंबरात आग्रा येथे, ताजमहालापासून जवळच, ‘शीरोज’ नावाचे एक उपाहारगृह सुरू झाले. ते आम्लहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियाच चालवितात. देशोदेशीचे प्रवासी तेथे येतात, चहा पितात, गप्पा मारितात आणि पैसे देऊन जातात. त्या स्त्रियांस जे हवे होते ते हेच होते. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने आम्लहल्ल्याच्या पीडितांस दिव्यांगांत गणले असून सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांचा लाभही दिला आहे. त्याच यादीत कुष्ठरोगातून बरे झालेलेही आहेत. कुष्ठरोग्यास गावाबाहेर काढणारा समाज बाबा आमट्यांच्या आनंदवनाकडे पाहून हळूहळू बदलला. तेव्हा समाजाची दृष्टी बदलत नाही, हे म्हणणे खरे नाही. ती बदलते, कोणी तरी प्रथम जवळ जाऊन बसावे लागते.

कायदा करणाऱ्यांच्याही ध्यानात न येणाऱ्या किती अडचणी असतात, ह्याचे एक उदाहरण देतो. बँकेत खाते उघडताना किंवा दूरध्वनीचे कार्ड घेताना आता यंत्रासमोर डोळ्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याची खूण द्यावी लागते. जिच्या पापण्याच आम्लाने गेल्या तिने ही खूण कशी द्यावी? हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापुढे गेले, आणि दि. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने ही पद्धत अशा व्यक्तींस सुलभ करण्याचे आदेश दिले. अशा सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. यंत्राने एक दार लावले होते, ते न्यायालयाने उघडले. आपण मनुष्यांनी लाविलेली दारे कोण उघडणार?

मुलांनो, शेवटी तुम्हांस काही सांगावयाचे आहे. नकार ही मानहानी नव्हे. परीक्षेत गुण कमी मिळाले म्हणून कोणी पेपर तपासणाऱ्याच्या अंगावर धावून जात नाही. मग एका मुलीने ‘नाही’ म्हटले म्हणून पुरुषार्थास धक्का कसा बसतो? नायिकेने झिडकारिले तरी नायक तिचा पाठलाग करीत राहतो आणि शेवटी ती त्यास वश होते, असे चित्रपट तुम्ही पाहता. तो पाठलाग पडद्याबाहेर गुन्हा आहे. तुमचा एखादा मित्र ‘तिला धडा शिकवीन’ असे म्हणू लागला तर हसू नका, गप्प बसू नका. त्याच दिवशी एखाद्या वडील माणसास सांगा. त्याने मुलगी वाचेल, आणि तुमचा मित्रही.

मुलींनो, कोणी मागे लागत असेल, धमकी देत असेल, तर ती तुमची लाज नव्हे. घरी सांगा, शिक्षकांस सांगा, ११२ वर सांगा. पालकहो, अशी तक्रार घेऊन मुलगी तुमच्यापुढे उभी राहील तेव्हा तिची शाळा बंद करू नका. तुम्ही ते तिच्या काळजीने कराल, परंतु आम्ल फेकणारा जे आम्लाने साधू पाहतो तेच तुम्ही कुलपाने साधाल. आणि पुढच्या वेळी ती तुम्हांस काहीच सांगणार नाही. शिक्षा त्रास देणाऱ्यास व्हावी, शिकणारीस नव्हे.

प्रयोगशाळेतील आम्लाच्या प्रत्येक थेंबाची नोंद आपण ठेवितो, ते योग्यच आहे. परंतु आपल्या बोलण्याचा आणि पाहण्याचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत लिहिला जात नाही. तो ज्याचा त्यानेच ठेवावयाचा असतो. मागच्या बाकावरच्या माझ्या विद्यार्थ्यास माझे एवढेच सांगणे आहे: बाळ, पुन्हा अशी बातमी कानी आली तर ‘तिने काय केले’ असे विचारू नकोस. ‘तिला आता काय हवे आहे, आणि त्यातले माझ्या हातून काय होईल’, एवढेच विचार. आणि बसमध्ये कधी अशी जागा रिकामी दिसली तर तुझ्या शिक्षकासारखा उभा राहू नकोस, जाऊन बस.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आम्ल अंगावर पडल्यास भरपूर वाहते पाणीच का वापरावे? थोडे पाणी किंवा खाण्याचा सोडा का वापरू नये?

२. दि. १८ जुलै २०१३ च्या आदेशाप्रमाणे आम्लविक्रेत्याची कर्तव्ये कोणती? आपल्या घराजवळच्या दुकानात ती पाळली जातात काय, हे वडील माणसासोबत जाऊन पाहा.

३. ‘दुसरा घाव’ म्हणजे काय? तुम्ही पाहिलेल्या एखाद्या प्रसंगाच्या आधारे, कोणाचेही नाव न लिहिता, दहा ओळी लिहा.